खण, कप्पे आणि चौथी सीट

मराठीत ‘खण’ हा शब्द किमान तीन ठिकाणी भेटतो आणि तिन्ही ठिकाणी त्याचा संबंध मोजून दिलेल्या जागेशी किंवा तुकड्याशी असतो. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे घराचा खण, आणि जुन्या वाड्याची ऐपत अशा खणांच्या संख्येवरून सांगितली जाई. सवाष्णीची ओटी भरताना नारळासोबत दिला जातो तो चोळीचा खण. आणि टेबलाला किंवा कपाटाला असणारी, बाहेर ओढता येणारी पेटी, जिला आता सर्वजण ड्रॉवर म्हणतात, तोही खणच. पहिल्या खणात किती मावते याविषयीचे वाद दिवाणी न्यायालयात जातात आणि दुसऱ्याविषयीचे शिंप्याकडे. तिसरा खण स्वयंपाकघराच्या ओट्याखाली असेल, तर त्याच्याविषयीचे वाद घराबाहेर कधीच जात नाहीत. ते तिथल्या तिथे, साधारणपणे पोळी तव्यावर असताना आणि उलथणे हाताशी नसताना, रोज नव्याने होतात.

या वादावर तोडगा म्हणून जी वस्तू घरोघर शिरली आहे तिला बाजारात ‘अ‍ॅडजस्टेबल कटलरी ट्रे’ म्हणतात. पैकी ‘कटलरी’ हा शब्द मूळचा सुऱ्या-कात्र्यांच्या धंद्यातला असून पुढे त्यात काटे-चमचेही आले. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी मात्र ‘कटलरी’ची पाटी असलेल्या दुकानात टिकल्या, बांगड्या, पिना आणि रिबिनी मिळतात, आणि ड्रॉवरात अखेरीस काय काय सापडते हे पाहिले असता त्या दुकानदारांची व्याख्याच अधिक व्यापक आणि दूरदृष्टीची होती असे म्हणावे लागते. ट्रेचे मुख्य प्रकार तीन. पहिला बांबूचा किंवा प्लॅस्टिकचा, ज्याच्या मध्यभागी कायमचे कप्पे असतात आणि दोन्ही बाजूंनी सरकून बाहेर येणारे पंख असतात, त्यामुळे तो सुमारे फूटभर रुंदीपासून दीड फुटाच्या पुढे पसरू शकतो. दुसऱ्या प्रकारात ट्रेच नसतो, तर टोकाला स्प्रिंग असलेल्या सुट्या पट्ट्या ड्रॉवरच्या दोन भिंतींमध्ये दाटून बसवायच्या असतात. तिसरा प्रकार सुतार आणतो. तो पीव्हीसीचा असून कडेने कापून बसवायचा असतो, म्हणजे तो आयुष्यात एकदाच अ‍ॅडजस्ट होतो आणि तेही करवतीने. याखेरीज ‘किचन ट्रॉली’ या नावाने घरोघर बसलेली स्टीलची कटलरी बास्केट आहेच. ट्रॉली म्हणजे इथे चाकांची गाडी नसून ओट्याखाली चॅनलवर सरकणारी जाळी होय, आणि तिच्या कुळात थाळी बास्केट, कप-बशी बास्केट, साधी बास्केट अशी भावंडे असून कटलरी बास्केट ही त्यांतली सर्वांत उथळ आणि म्हणूनच सर्वांत वर बसवलेली असते.

‘अ‍ॅडजस्ट करणे’ हे क्रियापद मराठीत येऊन बराच काळ लोटला, परंतु ते वस्तूंसाठी फारसे वापरले गेले नाही. ते माणसांसाठी राखून ठेवलेले होते. लग्न होऊन आलेली मुलगी अ‍ॅडजस्ट करते, बदली झालेला कारकून अ‍ॅडजस्ट करतो, आणि मुंबईच्या लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर बसलेले तिघे, चौथ्याने नुसते भुवईने विचारले तरी, अ‍ॅडजस्ट करतात. एखाद्या निर्जीव वस्तूने आपण होऊन अशी तयारी दाखवावी ही गोष्ट इतकी अपूर्व आहे, की खोक्यावरचा तो शब्द वाचून गृहिणीला जो दिलासा वाटतो त्याला हसण्याचे कारण नाही. हा दिलासा ट्रे घरी आणून त्याचे कप्पे मोजेपर्यंत टिकतो.

कारण ट्रे पसरतो तो फक्त रुंदीत. त्याचे मन कुठल्या जेवणावर बसले आहे हे त्याच्या कप्प्यांवरून कळते. सुरी, काटा, मोठा चमचा आणि चहाचा चमचा यांसाठी चार सारखे उभे कप्पे आणि त्यांच्या पायथ्याशी एक आडवा कप्पा, अशी त्याची प्रमाण मांडणी असते, आणि तीत काट्याला सुरीच्या बरोबरीचा मान असतो. वास्तविक काट्याला हा मान त्याच्या मायदेशीही फार पूर्वीपासून नव्हता. थॉमस कोरियट नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६०८ मध्ये युरोपची पायपीट करताना इटलीतले लोक काट्याने मांस धरून कापतात हे पाहिले, १६११ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याची नोंद केली, स्वतःही काटा वापरण्यास सुरुवात केली आणि त्यापायी मित्रांची चेष्टा ओढवून घेतली. पुढे हाच गृहस्थ मजल दरमजल करीत हिंदुस्थानात आला आणि १६१७ मध्ये सुरतेस वारला. काट्याचा इंग्लंडमधला हा आद्य पुरस्कर्ता मराठी मुलखाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबला, आणि चारशे वर्षांनंतर पाहिले असता काटाही तिथून फार पुढे सरकलेला दिसत नाही. मराठी घरात त्याला नूडल्स खाणे, कलिंगडाच्या फोडी उचलणे आणि बटाटा उकडला की नाही हे टोचून पाहणे, एवढीच कामे आहेत. ज्याला जेवणासाठी पाच बोटांची सोय आहे त्याला चार दातांचे आकर्षण वाटावे तरी का? तरीही ट्रेचा एक पूर्ण कप्पा काट्यांच्या नावे असतो, आणि लग्नात आहेर म्हणून आलेल्या सहा काट्यांपैकी निदान चार तिथे प्लॅस्टिकच्या मूळ पिशवीसकट मुक्कामाला असतात.

प्रत्येक वस्तूला तिची नेमून दिलेली जागा असावी, या विचाराचे शास्त्र पाहायचे तर जर्मनीत जावे लागते. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी १९२६ मध्ये फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले, आणि त्या नमुन्याची सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बांधली गेली. कारखान्यातला कामगार किती हालचाली वाया घालवतो याचा त्या काळी घड्याळ लावून अभ्यास होत असे. तोच हिशेब बाईंनी गृहिणीच्या पावलांना लावला, १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब जागेत सगळे हाताच्या अंतरावर आणले, आणि साखर, तांदूळ वगैरे जिन्नसांसाठी नावे घातलेले अ‍ॅल्युमिनियमचे छोटे खण ओळीने बसवले. हे सर्व आखताना आपल्याला स्वयंपाकाचा अनुभव नव्हता, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. उलथणे सापडत नसल्याचा अनुभव गाठीशी नसणे, ही इतक्या निर्मळ रचनेची बहुधा पूर्वअटच असावी.

त्याच दशकात मुंबईत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या ‘बीडीडी’ने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे चाळी बांधल्या, ज्यांतली एक खोली १६० चौरस फुटांची होती. फ्रँकफुर्टचे नुसते स्वयंपाकघर ७० चौरस फुटांच्या आसपास भरते. म्हणजे तिकडे जेवढ्या जागेत एकटी बाई शास्त्रशुद्ध रीतीने बटाटे सोलत होती, त्याच्या जेमतेम सव्वादोन पटींत इकडे एक अख्खे कुटुंब स्वयंपाक, जेवण, मुलांचा अभ्यास, गावाहून आलेला पाहुणा आणि झोप एवढे सगळे बसवत होते. अशा खोलीत ओढायच्या खणाला जागा नसते, कारण खण बाहेर ओढला की त्याच्या समोर कोणीतरी बसलेले असते. साहजिकच इथला सगळा कारभार भिंतीवर गेला. मांडणी, म्हणजे भांडी ठेवण्यासाठी भिंतीला ठोकलेली फळ्यांची किंवा पट्ट्यांची चौकट, हे या भिंतीवरच्या राज्याचे मुख्य ठाणे होते: ताटे तीत उभी राहत, कप तिच्या आकड्यांना लटकत, आणि पळ्या, झारे व डाव तिच्या खालच्या कडेला ओळीने टांगलेले असत. पळीच्या दांड्याचे टोक आकड्यासारखे वळवलेले असते ते शोभेसाठी खासच नव्हे. मांडणीवरची वस्तू हरवत नसे, कारण ती दिसत असे. आणि जी दिसत नसे ती शेजारणीने नेलेली आहे हे सर्वांना ठाऊक असे.

टांगून घेण्यासाठी जन्मलेल्या या मंडळींना आडवे झोपवण्याचा उद्योग ड्रॉवरने आरंभला, आणि त्यातून जो पेचप्रसंग निर्माण झाला त्याची यांत्रिक बाजू तपासण्यासारखी आहे. डाव, म्हणजे आमटी वाढण्याचा खोल वाटीचा मोठा चमचा, सपाट पृष्ठभागावर ठेवला असता त्याचा दांडा तिरका वर उठतो, आणि कटलरीच्या ड्रॉवरची उंची बेताची, चार इंचांच्या घरातली, असते. ड्रॉवर जोरात बंद केला म्हणजे तो चौकटीला लागून थांबतो, परंतु आतल्या वस्तू न्यूटनच्या पहिल्या नियमाला मान देऊन त्याच दिशेने पुढे जात राहतात; मग डावाची वाटी कप्प्याच्या भिंतीवर चढते, दांड्याचे टोक ओट्याखालच्या पट्टीला जाऊन भिडते, आणि दुसऱ्या दिवशी ड्रॉवर दोन इंच उघडून थबकतो. त्या दोन इंचांच्या फटीतून आतले सगळे दिसते आणि हाती काहीच लागत नाही. फटीतून एखादी लांब, चपटी वस्तू सारून दांडा खाली दाबणे हा यावरचा एकमेव ज्ञात उपाय असून, अशा सर्व लांब, चपट्या वस्तू त्याच ड्रॉवरात असतात. परिणामी हे काम मुलांच्या कंपासपेटीशेजारच्या फूटपट्टीवर येऊन पडते, आणि ज्या घरात मूल शाळेत जाण्याच्या वयाचे नाही त्या घरात सुताराला फोन जातो. अलीकडे ‘सॉफ्ट क्लोज’ चॅनल निघाले आहेत, जे ड्रॉवरला शेवटच्या दोन बोटांवर धरून ठेवतात आणि आपटू देत नाहीत. त्यांमुळे डाव जागेवर राहतो हे खरे; परंतु न बोलता नाराजी कळवण्याचे जे एक जुने, सर्वमान्य साधन मराठी स्वयंपाकघराकडे होते ते त्यांनी काढून घेतले, आणि त्याची भरपाई आता भांड्यांच्या सिंकला करावी लागते.

समजा, सगळे मावले. तरी कोणते कुठे, हा प्रश्न उरतोच, आणि तो मुळात ग्रंथपालांचा आहे. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ मध्ये दशमान वर्गीकरण मांडले, ज्यात प्रत्येक विषयाला एक ठरलेला क्रमांक आणि पुस्तकाला फळीवर एक ठरलेली जागा मिळते. ट्रे हा ड्यूईपंथी आहे. त्याच्या दृष्टीने चमचा तो चमचा. याउलट एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात एकाच विषयाकडे व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल अशा पाच अंगांनी पाहिले जाते, आणि मराठी गृहिणी, रंगनाथनांचे नाव न ऐकताही, नेमकी तशीच पाहते. हा चमचा कोणाचा (बाळाच्या बारशाला आलेला, सबब दुसऱ्याने वापरायचा नाही). कशाचा (पितळेचा असेल तर दह्यात घालायचा नाही). कशासाठी (हा दिसतो चमचा, पण आहे कॉफीचे माप). कुठला (देवघरातली पळी स्वयंपाकघरातल्या पळीत मिसळली तर घरातली ज्येष्ठ मंडळी जे बोलतील ते कुठल्याही वर्गीकरणात बसणारे नाही). आणि केव्हाचा (शंकरपाळ्यांचे कातणे आणि चकलीच्या सोऱ्याच्या चकत्या या वस्तू वर्षातून चार दिवस अत्यावश्यक आणि उरलेले दिवस अडगळ असतात). एवढ्या अंगांचा विचार चार उभ्या कप्प्यांत करायचा तर काहीतरी सोडावेच लागते. व्याकरणाचाही आधार मिळत नाही: तो झारा, ती सांडशी, ते सोलाणे अशी भाषेनेच तीन कप्प्यांची सोय करून ठेवलेली असली तरी झाऱ्यात पुल्लिंगी ते काय आणि सोलाण्यात नपुंसक ते काय, हे तिनेही कधी सांगितलेले नाही.

वर्गीकरणाचा अंतिम अधिकार शिवाय ट्रे आणणाऱ्याकडे नसतोच. तो भांडी घासणाऱ्या मावशींकडे असतो, कारण वस्तू जागेवर ठेवण्याचे काम त्या करतात आणि जागा म्हणजे काय हेही ओघाने त्याच ठरवतात. घरमालकीण उपयोगानुसार विभागणी करते. मावशी लांबीनुसार करतात. ओल्या हाताने, पुढच्या घरी पोचायची वेळ झालेली असताना, मुठीत आलेला जुडगा ज्या कप्प्यात आडवा न येता जाईल तो त्याचा कप्पा, हा नियम इतका साधा आणि इतका काटेकोर आहे की दोन दिवसांत सगळा ड्रॉवर त्याच्या अधीन होतो. निःपक्षपणे पाहता मावशींची पद्धतच ट्रेच्या हेतूला अधिक धरून आहे, कारण ट्रे बनवणाऱ्यानेही लांबीखेरीज दुसरा कसला विचार केल्याची खूण ट्रेवर आढळत नाही.

पायथ्याशी असलेला तो आडवा कप्पा मात्र कोणाच्याच अमलाखाली येत नाही. ‘इतर’ हे त्याचे खरे नाव. त्यात कुकरची जादा शिट्टी, एका टोकाला वितळलेली मेणबत्ती, चालतो की नाही याची कोणालाच खात्री नसलेला गॅसचा लायटर, बंद पडलेल्या घड्याळातून काढलेला सेल, कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली, रबरबँडांचा गुंता आणि पिझ्झ्याबरोबर आलेल्या तिखटाच्या व ओरेगॅनोच्या पुड्या असतात. या पुड्या कोणी वापरत नाही आणि कोणी टाकत नाही. त्या पिढीजात संपत्तीसारख्या जपल्या जातात. त्यांच्याशेजारी हॉटेलातून आलेल्या जेवणाबरोबरचे प्लॅस्टिकचे चमचे असतात, जे धुऊन, पुसून, ‘लागतील कधीतरी’ या तत्त्वावर ठेवलेले असतात. एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिक वस्तूंवर महाराष्ट्राने २०१८ मध्ये बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून असे काटे-चमचे देशभर बंद झाले. त्यामुळे ज्या घरांत हा साठा त्याआधीचा आहे त्या घरांनी, केवळ आळसाच्या बळावर, एका संपलेल्या युगाचे अवशेष जतन केले आहेत असे इतिहासकारांना एक दिवस म्हणावे लागेल.

एकीकडे असा न मागितलेला संचय होत असताना दुसरीकडे चहाचे चमचे घटत जातात, आणि ही घट शास्त्राने मोजलेली आहे. मेलबर्नच्या बर्नेट इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी आपल्याच संस्थेच्या चहाच्या खोल्यांत खुणा केलेले ७० चमचे सोडून पाच महिने त्यांच्यावर पाळत ठेवली आणि २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. ७० पैकी ५६ चमचे नाहीसे झाले. त्यांचे अर्धायुष्य, म्हणजे त्यांतले निम्मे नाहीसे होण्यास लागणारा काळ, ८१ दिवसांचे निघाले. आणि चमचा स्वस्त आहे की महाग याने काही फरक पडला नाही. ज्या खोल्या सर्वांना मोकळ्या होत्या तिथे तर अर्धायुष्य ४२ दिवसांवर आले. मराठी घरात हा प्रयोग कोणी केलेला नसला, तरी चमच्यांच्या जाण्याच्या वाटा सर्वज्ञात आहेत: काही डब्याबरोबर कचेरीत जातात, काही शेजारी पाठवलेल्या खिरीच्या वाटीबरोबर जातात, आणि काही ताटातल्या उष्ट्याबरोबर केराच्या बादलीत. उलट दिशेची वाहतूकही चालू असते, आणि म्हणून प्रत्येक ड्रॉवरात निदान एक असा चमचा असतो की ज्याच्या दांड्यावर भलत्याच आडनावाची अक्षरे यंत्राने कोरलेली असतात. तो परत करायचा आहे, हे घरातल्या सर्वांना बरीच वर्षे माहीत असते.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट नजरेतून निसटते, ती अशी की ज्या वस्तू खरोखर वापरात आहेत त्या ड्रॉवरात नसतातच. रोजचे चार चमचे, एक उलथणे, एक चिमटा आणि एक सुरी यांचा प्रवास सिंक, निथळत ठेवायची टोपली आणि ओटा असा त्रिकोणी असतो. टोपलीतून ट्रेपर्यंत जायला त्यांना उसंत मिळत नाही, कारण त्या कोरड्या होण्याआधीच पुढच्या चहाची वेळ झालेली असते. ट्रेमध्ये नीट ओळीने निजलेले दिसतात ते पाहुण्यांसाठीचे बारा चमचे, सणांसाठीचे कातणे, आहेरातले काटे आणि बटाट्याचे मळसूत्र काढणारे ते यंत्र, जे प्रदर्शनात घेतले आणि घरी आल्यावर बटाट्याला मान्य झाले नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात जसे कागद रुमालांत, म्हणजे कापडी बस्त्यांत, बांधून ठेवलेले असतात, तसेच हे दफ्तर आहे: अभ्यासकाने क्वचित उघडून पाहावे आणि पुन्हा बांधून ठेवावे. अशा दफ्तराला कप्पे असलेले शोभते, आणि ते नीट राहते याचेही नवल नाही, कारण त्याला कोणी हात लावत नाही.

ट्रेच्या अ‍ॅडजस्ट होण्याबद्दल शेवटी एवढे नोंदवणे भाग आहे की तो दोन्ही पंख पूर्ण पसरूनही ड्रॉवरच्या भिंतीपर्यंत सहसा पोचत नाही. बांबूचे पंख आपल्या मर्यादेवर येऊन थांबतात, आणि एका बाजूला दोन-अडीच इंचांची लांबट फट उरते, जिची नोंद खोक्यावर नसते आणि जिच्यासाठी ट्रे घेणाऱ्याने काहीच योजलेले नसते. पहिल्याच आठवड्यात त्या फटीत लाटणे येऊन बसते. मग त्याच्या अंगावर तिरकी अशी रवी, रवीच्या आणि ट्रेच्या मधे कसाबसा घुसलेला झारा, आणि डोके आत पण दांडा बाहेर अशा बेताने टेकलेले, रोज सकाळी पोळीच्या वेळी ज्याच्या नावाने घर दुमदुमते ते उलथणे.